वार, टॉकीज आणि खसरा नंबर : नागपूरच्या वस्त्यांचा इतिहास कुठे सापडतो

नागपूरचा नकाशा उघडा आणि त्यावर आठवड्याचे वार शोधा. इतवारी सापडेल, मंगळवारी सापडेल, बुधवारी एकाहून जास्त ठिकाणी सापडेल, आणि शुक्रवारी तर जुनी आणि नवी अशी दोनदा. वार पुण्यातही आहेत, पण तिथे रविवार पेठ आहे आणि आपल्याकडे इतवारी. हा फरक उच्चाराचा नाही. ज्या बाजारात गोंडी, हिंदी, मराठी, उर्दू बोलणारी माणसं एकाच दिवशी माल घेऊन येत होती, त्या बाजाराने स्वतःचं नाव कोणत्या भाषेत ठेवलं याची ती नोंद आहे. आणि ही नोंद कोणत्याही दप्तरात जाऊन काढावी लागत नाही, ऑटोवाल्याला पत्ता सांगताना तुम्ही ती रोज उच्चारता.

पेट झाली, विषय ठरत नाही, सिनॉप्सिसची तारीख जवळ आलीय, अशा अवस्थेतल्या वाचकांसाठी हा लेख आहे. ‘सर, शहराच्या इतिहासावर काहीतरी करायचं आहे’ एवढंच डोक्यात असतं. मग गाईड विचारतात, ‘काहीतरी म्हणजे काय?’ तेव्हा बहुतेक जण भोसल्यांवर जाऊन थांबतात. भोसल्यांबद्दल माझी तक्रार नाही. त्यांच्यावर लिहिलेलं आहे, यादव माधव काळे यांचा ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ आजही उघडावाच लागतो. पण लोक या शहरात राहिले कुठे, भाडं कुणाला दिलं, संध्याकाळी काम सुटल्यावर गेले कुठे, हे प्रश्न राजवंशाच्या वंशावळीत बसत नाहीत. त्यासाठी वेगळे कागद लागतात. ते कागद कोणते, आणि त्यातला प्रत्येक कागद कुणाला वगळतो, हे आज नागपूरच्या उदाहरणांवर बघू.

आधी नावं. गोंड राजा बख्त बुलंद शाहाने 1702 च्या सुमारास बारा लहान गावं एकत्र करून नागपूर वसवलं, हे तुम्हाला शाळेपासून माहीत आहे. त्याच्यानंतरच्या चांद सुलतानाने तट बांधला आणि एक तलाव बांधला. तटाच्या दरवाजाला जुम्मा दरवाजा म्हणत, तलावाला जुम्मा तलाव. जुम्मा म्हणजे शुक्रवारच. पुढे तोच तलाव शुक्रवारी तलाव झाला, आणि आता कागदावर तो गांधीसागर आहे. जुम्मा दरवाजा गांधी गेट झाला. म्हणजे एका वाराची दोन भाषांतली नावं आणि त्यावर एका नेत्याचं नाव, अशी तीन नावं एका पाण्याला आहेत. तुम्ही महालात राहणाऱ्या तीन पिढ्यांना ‘तलावाचं नाव काय?’ एवढंच विचारलंत तरी उत्तरात फरक दिसेल. तो फरक हाच डेटा.

मी मुळात संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलेली. त्यामुळे कुठलीही यादी समोर आली की पहिला प्रश्न मनात येतो तो असा, या यादीत यायला काय व्हावं लागतं? नावांच्या बाबतीत उत्तर सोपं आहे. जे नाव वापरात राहिलं ते उरलं. बाराही गावांची नावं आज लोकांच्या तोंडी नाहीत. बाजाराची नावं उरली, कारण बाजार चालू राहिला. म्हणून ‘जुन्या नावांवरून जुनं नागपूर उभं करतो’ असं म्हणणाऱ्या संशोधकाने आधी हे मान्य करायला हवं, की त्याच्या हातात फक्त टिकलेली नावं आहेत. संख्याशास्त्रात याला निवडीतला कल म्हणतात. इतिहासवाले याला स्रोतचिकित्सा म्हणतात. दोघांचा मुद्दा एकच.

आकड्यांचंही तसंच. 1901 च्या जनगणनेत नागपूरची लोकसंख्या 1,27,734 होती. 2011 ला महानगरपालिका हद्दीत 24,05,665. भागाकार केला तर जवळजवळ 19 पट. प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात हे वाक्य टाकायचा मोह होतो. थांबा. 1901 चं नागपूर आणि 2011 चं नागपूर एकाच जागेचं नाव नाही. मधल्या काळात कितीतरी मौजे शहरात आले. त्या मौज्यांतली माणसं शहरात ‘आली’ नाहीत, शहर त्यांच्याकडे आलं. तुमच्या ओळखीत असं एखादं घर असेलच, ज्यांचे आजोबा गावात राहत होते, नातू शहरात राहतो आणि घर तेच आहे.

आता शहराचे दोन तुकडे कसे झाले ते बघा. 1817 च्या नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली, 1854 मध्ये इंग्रजांनी राज्य खालसा केलं, 1861 ला मध्य प्रांत झाला आणि नागपूर राजधानी. सीताबर्डीच्या टेकडीच्या पश्चिमेला सिव्हिल लाइन्स वाढली. 1867 ला मुंबईहून रेल्वे आली, आणि रुळ बरोबर जुनं शहर आणि नवी वस्ती यांच्यामधून गेले. पूर्वेला महाल, इतवारी, हंसापुरी, मोमिनपुरा. पश्चिमेला साहेबांचे बंगले. मधोमध सीताबर्डी, जिला कुणीच सीताबर्डी म्हणत नाही, बर्डी म्हणतात. बर्डी दोन्हीकडच्यांची झाली. 1956 च्या ऑक्टोबरात धर्मांतराच्या वेळी बाबासाहेब उतरले ते बर्डीवरच्याच श्याम हॉटेलात. आजही ‘बर्डीवर जाऊन येतो’ या वाक्याचा अर्थ खरेदी, सिनेमा, कॉलेजचा फॉर्म, चष्म्याचा नंबर, काहीही होऊ शकतो.

रेल्वेनंतर दहा वर्षांनी, 1 जानेवारी 1877 ला, एम्प्रेस मिल सुरू झाली. व्हिक्टोरिया राणीला भारताची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं तो हाच दिवस, नाव त्यावरून पडलं. जमशेटजी टाटांनी जागा घेतली ती जुम्मा तलावाजवळची दलदलीची. ती भरून काढायलाच पैसा लागणार होता. एका मारवाडी सावकाराने या उद्योगात पैसे घालायला नकार दिला, हा माणूस जमिनीत सोनं गाडतोय असं त्याचं मत होतं. मिल नफ्यात आल्यावर त्यानेच कबूल केलं की टाटांनी माती घातली आणि सोनं काढलं. ही गोष्ट टाटांच्या चरित्रांत हमखास येते. ती वाचताना तुम्ही दुसरा प्रश्न विचारा. मिलमध्ये आलेले हजारो हात राहायला कुठे गेले?

यातले बरेच जण आधीपासून विणकरच होते. कोष्टी, मोमीन आणि महार या तिन्ही समाजांत हातमागाचं काम होतं. मिलच्या सुताने आणि मिलच्या कापडाने हातमागाची गणितं बदलली आणि त्याच हातांना मिलची पाळी मिळाली. (सावजी भोजनालयात जेवताना लक्षात ठेवा, ते हलबा कोष्टी समाजाच्या घरातलं जेवण आहे. नागपूरच्या खाण्याचा इतिहास हा कापडाच्या इतिहासाचा पोटभाग आहे, असं माझं ठाम मत आहे. त्यावर कुणीतरी नीट पीएच.डी. करा.)

मिलचे पहिले व्यवस्थापक बेझनजी मेहता. ते आधी रेल्वेत होते, कापडाचा त्यांना अनुभव नव्हता, तरी जमशेटजींनी त्यांना निवडलं. कामगार रोज कामावर येत नाहीत ही सुरुवातीची मोठी अडचण होती, आणि ती सोडवायला मिलने बक्षिसं, खेळांचे दिवस, पुढे निवृत्तिवेतन आणि भविष्यनिर्वाह निधी अशा गोष्टी आणल्या. इथे ‘करमणूक’ हा विषय पहिल्यांदा कागदावर येतो, आणि येतो तो हजेरी वाढवायचं साधन म्हणून. हे ध्यानात ठेवा, कारण मिलच्या कागदांत कामगाराची मौज नेहमी व्यवस्थापनाच्या नजरेतूनच दिसते. क्रीडादिनाची नोंद मिळेल. पाळी सुटल्यावर कोपऱ्यावर बसून गायलेल्या भजनाची मिळणार नाही.

घरांचंही असंच आहे, पण इथे एक चांगला दस्तऐवज हाताशी आहे. 1929 साली नेमलेल्या शाही कामगार आयोगाने, म्हणजे व्हिटली आयोगाने, देशभरच्या कामगारांच्या राहणीची चौकशी केली आणि 1931 ला अहवाल दिला. त्यात मुंबईच्या चाळींची वर्णनं अंगावर येतात. आणि त्यात नागपूरच्या एम्प्रेस मिलचं इंदोऱ्याचं उदाहरण वेगळं काढून सांगितलेलं आहे. मिलने इंदोऱ्याकडे मोठी जमीन घेतली, कामगाराला भूखंड आणि आगाऊ रक्कम द्यायची आणि घर त्याने स्वतः बांधायचं, अशी ती योजना. भूखंडाचा काही भागच बांधायचा, बाकी मोकळा ठेवायचा. इंदोऱ्याला लागून बेझनबाग आहे. आता नाव कुठून आलं ते सांगायला नको.

मुंबईत मालकाने किंवा ट्रस्टने चाळ बांधली आणि कामगाराने खोली घेतली. इथे कामगाराने स्वतःचं घर बांधलं. या एका फरकाने पुढच्या शंभर वर्षांत काय काय बदललं असेल, याचा विचार करा. चाळीत खोलीच्या लांबीरुंदीला मर्यादा. स्वतःच्या भूखंडावर मात्र मागे एक खोली काढता येते, मुलाचं लग्न झालं की वर बांधता येतं, पुढे दुकान टाकता येतं, अभ्यासाला एक कोपरा मिळतो. उत्तर नागपुरात शिक्षणाची आणि चळवळीची जी ताकद दिसते तिचं एक कारण घराच्या या आकारात असेल का? मला वाटतं, असेल. पण ‘मला वाटतं’ याला प्रबंधात गुण नाहीत. ते तपासायला घरांचे नकाशे, पिढ्यांची शिक्षणाची नोंद आणि तुलनेसाठी भाड्याच्या खोल्यांत राहिलेल्या मिल कामगारांची कुटुंबं लागतील. तुलनेचा गट घेतल्याशिवाय हा दावा करू नका.

आणि अहवालाच्या बाहेर बघा. किसन फागूजी बनसोड्यांनी 1907 मध्येच नागपुरात मुलींसाठी चोखामेळा शाळा काढली, छापखाना चालवला, आणि त्यांच्या पत्रांपैकी एकाचं नाव ‘मजूर पत्रिका’ होतं. मिल मालकाच्या कागदात जो माणूस ‘हात’ आहे तो इथे वाचक आहे. आयोगाचा अहवाल आणि ही पत्रं शेजारी शेजारी ठेवून वाचायची असतात.

शेजारी ठेवायचं तिसरं पुस्तक म्हणजे वसंत मून यांचं ‘वस्ती’. बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांच्या खंडांचे संपादक म्हणून मून माहीत असतात, पण नागपूरचा अभ्यास करणाऱ्याने आधी हे आत्मकथन वाचावं. बर्डीच्या परिसरातली महारपुरा ही वस्ती, तिथली घरं, कुस्त्या, भजनं, भांडणं, समता सैनिक दल, सगळं आतून सांगितलेलं. शहरनियोजनाच्या कागदात ही वस्ती आली तर गचाळ वस्ती, झोपडपट्टी या सदरात येते. मून यांच्या पानांवर तिथे संध्याकाळ होते. घर आणि करमणूक हे दोन वेगळे विषय आहेत असं तुमच्या सिनॉप्सिसमध्ये लिहिलेलं असेल तर हे पुस्तक वाचल्यावर ते वाक्य खोडावं लागेल.

आता 1936. हे साल वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. मध्य प्रांताने त्या एका वर्षात दोन कायदे केले. एक नागपूर सुधार प्रन्यासाचा, ज्याला आपण आजही एनआयटी म्हणतो. दुसरा करमणूक शुल्काचा. एकाने ठरवलं की शहरात घरं कुठे आणि कशी होतील, दुसऱ्याने ठरवलं की शहराच्या मौजेवर कर किती. दोन्ही कायदे एकत्र वाचणारा अभ्यासक मला तरी भेटलेला नाही. सहसा नियोजनवाले एकीकडे, सिनेमावाले दुसरीकडे.

करमणूक शुल्काचा फायदा इतिहासकाराला असा की कर घ्यायचा तर मोजावं लागतं. किती तिकिटं, कोणत्या दराची, कोणत्या खेळाला. त्याच्याही आधी 1918 च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याने चित्रगृहाला जिल्हा दंडाधिकाऱ्याचा परवाना बंधनकारक केला होता. इमारतीची सुरक्षितता हा त्या परवान्याचा मोठा भाग, कारण त्या काळची नायट्रेट फिल्म चटकन पेट घ्यायची. म्हणून एखाद्या टॉकीजची फाईल मिळाली तर तिच्यात कोणता सिनेमा लागला यापेक्षा दरवाजे किती, ते उघडतात कुठे, अशी माहिती असण्याची शक्यता जास्त. सिनेमाप्रेमींना ती कंटाळवाणी वाटेल. पण तुम्ही वस्तीचा अभ्यास करताय, तुम्हाला तेच हवं. दार कोणत्या रस्त्यावर उघडतं त्यावर पानठेला, सायकल स्टँड आणि चिवड्याची गाडी ठरते, आणि त्यावर चौक.

नागपुरात चौकाचं नाव टॉकीजवरून पडणं ही साधी गोष्ट आहे. बर्डीत आनंद टॉकीज, धरमपेठेकडे अलंकार, सदरला लिबर्टी, वर्धा रोडवर पंचशील. एक पडदा असलेल्या कितीतरी टॉकीज बंद पडल्या, पण बस कंडक्टरने नाव सोडलं नाही. वाराच्या बाजाराने जे काम अठराव्या शतकात केलं ते विसाव्या शतकात टॉकीजने केलं. लोकांना एका जागी, एका वेळी गोळा केलं आणि जागेला नाव दिलं. अधिकृत नावं वरून येतात, ही नावं रस्त्यावरून येतात. दोन्हींच्या मधली गंमत काँग्रेसच्या अधिवेशनांत आहे. 1920 च्या अधिवेशनाची आठवण काँग्रेसनगरात आहे, आणि 1959 च्या अधिवेशनासाठी जे नगर उभं राहिलं त्याला बॅरिस्टर अभ्यंकरांचं नाव होतं. आज अभ्यंकरनगर ही फ्लॅटची चौकशी करायची वस्ती आहे. काही दिवसांसाठी उभारलेल्या मंडपाचं नाव कायमच्या पत्त्यावर गेलं.

नाटकाचं सांगायला हवं, नाहीतर विदर्भ साहित्य संघाची मंडळी रागावतील. झाशी राणी चौकाजवळचं धनवटे रंगमंदिर ही एका पिढीची शाळा होती. आणि टॉकीज आणि नाटक ही एकाच संध्याकाळची दोन गिऱ्हाईकं होती, याचा सगळ्यात छान पुरावा महेश एलकुंचवारांनी स्वतः सांगितलेला आहे. सिनेमाचं तिकीट मिळालं नाही म्हणून ते नाटकाला जाऊन बसले, नाटक होतं तेंडुलकरांचं ‘मी जिंकलो मी हरलो’, दिग्दर्शन विजया मेहतांचं, आणि तिथून ते नाटककार व्हायच्या वाटेला लागले. मराठी नाटकाने त्या दिवशीच्या हाऊसफुल्लचे आभार मानायला हरकत नाही.

पण करमणूक शुल्काच्या फाईलीत जे येतं ते तिकिटाचं. बिनतिकिटाचं काय? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, जुन्या शहरातून काळी आणि पिवळी मारबत निघते. काळी 1881 पासून, पिवळी 1885 पासून, असं मानलं जातं. पिवळी जगनाथ बुधवारीतल्या तऱ्हाणे तेली समाजाची. सोबत बडगे, ज्यांच्यावर त्या वर्षीच्या महागाईपासून मंत्र्यापर्यंत कुणाचंही नाव लिहिलेलं असतं, आणि ‘घेऊन जा गे मारबत’ची आरोळी. हा शहराचा सगळ्यात मोठा मोफत खेळ. तिकीट नाही, म्हणून शुल्क नाही, म्हणून शुल्काच्या दप्तरात एक ओळ नाही. खडी गंमत, दंडार यांचंही तेच. तुम्ही फक्त कराच्या कागदांवरून ‘1940 च्या दशकात नागपूरची करमणूक म्हणजे सिनेमा’ असा निष्कर्ष काढलात तर तो कागदांबद्दल खरा असेल, नागपूरबद्दल नाही. मिरवणुकीसाठी पोलीस बंदोबस्ताचे आदेश आणि जुनी वर्तमानपत्रं बघा. तिथे मारबत आहे.

घरांच्या बाबतीत अशीच एक खाण आहे, आणि तिच्याकडे फार कमी जण जातात. मध्य प्रांत व वऱ्हाड घरे भाड्याने देणे व भाडे नियंत्रण आदेश, 1949. नाव लांबलचक आहे, पण विदर्भातल्या दोन पिढ्यांचं भाड्याचं घर या आदेशाखाली चाललं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 मध्ये झाला आणि 31 मार्च 2000 पासून लागू झाला, तोवर इथे मुंबईचा नियम नव्हता, हा होता. त्यात घरमालकाला भाडेकरू काढायचा तर थेट नोटीस देता येत नसे, आधी भाडे नियंत्रकाची परवानगी. आणि घर रिकामं झालं तर ते प्रशासनाला कळवायचं, मग प्रशासन सांगू शकत होतं की हे घर अमुक सरकारी नोकराला द्या किंवा अमुक विस्थापिताला द्या.

विस्थापित हा शब्द वाचून थांबा. 1949 आहे. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं नागपुरात आली, जरीपटका वसला. बेझनबाग, इंदोरा, जरीपटका चालत फिरता येतील इतके जवळ आहेत. एका फेरफटक्यात तुम्हाला मिलने दिलेला भूखंड, चळवळीची वस्ती आणि निर्वासितांची वसाहत, तिन्ही दिसतात. आणि सरकारी नोकराचं काय? 1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, मध्य प्रदेशची राजधानी भोपाळ झाली, नागपूरचं राजधानीपण गेलं. ज्या आदेशाने सरकारी नोकरासाठी घर अडवून ठेवायची सोय केली होती, त्या शहरातून सचिवालयच हललं. त्या वर्षी धंतोली, धरमपेठेत किती घरं रिकामी झाली, भाडी पडली का, नव्या लोकांना घर मिळणं सोपं झालं का? नागपूर करारावर आणि हिवाळी अधिवेशनावर भाषणं ढीगभर आहेत. त्या वर्षीच्या भाड्यावर कुणी लिहिलं असेल तर मला जरूर पाठवा.

भाडे नियंत्रकाच्या प्रकरणांत खोल्यांची संख्या, भाडं, नळ, संडास, मालकाच्या मुलाचं लग्न, सगळं येतं. मात्र इथेही कल आहेच. भांडण झालं तेच घर फाईलीत आलं. मालक-भाडेकरू गुण्यागोविंदाने राहिले ते आले नाहीत. आणि ज्याला जात विचारून दारातूनच परत पाठवलं तो तर भाडेकरू झालाच नाही, त्यामुळे त्याचं प्रकरणही झालं नाही. हा माणूस तुम्हाला मून यांच्या पुस्तकात भेटेल, मुलाखतीत भेटेल, नियंत्रकाच्या कपाटात नाही.

शेवटचा कागद तुमच्या घरातच असेल. विक्रीपत्र काढा, किंवा रूमवर राहत असाल तर मालकाला विचारा. त्यावर मौजा, खसरा क्रमांक, पटवारी हलका नंबर दिसेल, जुन्या शहरात असाल तर नझूलचा शीट नंबर. खसरा म्हणजे ही कधीतरी शेतजमीन होती. ती प्लॉट कशी झाली? 1976 ला नागरी जमीन कमाल धारणा कायदा आला, मोठी मोकळी जमीन बाळगणं अवघड झालं, रीतसर विकायची तर परवानग्या. शहर तर वाढतच होतं. मग दक्षिणेला आणि बाहेरच्या बाजूला शेतकऱ्याकडून जमीन घेऊन, गृहनिर्माण संस्थेच्या नावाने चुन्याच्या रेघा मारून, अकृषक परवानगी न घेता प्लॉट विकले गेले. घेणारे कोण? शिक्षक, मिल कामगार, शिपाई, रेल्वेचे लोक. एनआयटीच्या भाषेत ही ‘572 ले-आऊट’ आणि ‘1900 ले-आऊट’. हे आकडेच आता नागपुरात विशेषनाम झालेत. 2001 च्या गुंठेवारी कायद्याने त्यांना नियमित व्हायची वाट दिली, आणि 2021 च्या दुरुस्तीने मुदतरेषा 2020 च्या अखेरपर्यंत पुढे नेली. म्हणून प्लॉटच्या जाहिरातीत अजून ‘आरएल झालेला’ असं ठळक छापतात.

इथे संशोधकाची जबाबदारी बदलते. चांद सुलतानाच्या तलावाबद्दल तुम्ही काही लिहिलंत तर कुणाचं छप्पर जात नाही. पण नियमित न झालेल्या ले-आऊटमधलं एखादं घर तुम्ही नकाशावर अचूक बिंदू टाकून प्रबंधात छापलंत, सोबत ‘अमुक साली बांधकाम, परवानगी नाही’ असं लिहिलंत, तर ते कुणीही वापरू शकतं. जीपीएसचे आकडे तुमच्याकडे ठेवा, प्रबंधात मौजा पातळीवर बोला. संमतीपत्र मराठीत द्या, आणि ते वाचून दाखवा.

आणि घाई कुठे करायची तेही सांगते. एम्प्रेस मिल 1986 मध्ये टाटांकडून राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि 2002 मध्ये बंद झाली. गांधीसागराजवळ मिलच्या जागेच्या एका भागात आज एम्प्रेस मॉल आहे, त्यात सिनेमाचे पडदे आहेत. जिथे तीन पाळ्या चालायच्या तिथे आता शो चालतात. 1980 ला वयाच्या विसाव्या वर्षी मिलमध्ये लागलेला माणूस आज पासष्टीत आहे. 1960 ला लागलेला भेटला तर नशीब समजा. अभिलेखागारातली फाईल पुढच्या वर्षीही तिथेच असेल, वाळवी लागली नाही तर. म्हणून मुलाखती आधी, कपाटं नंतर. विद्यापीठाच्या नैतिकता समितीची परवानगी वेळेत टाका, तिला लागणारा वेळ तुमच्या वेळापत्रकात कधीच नसतो.

मुलाखतीला रविवारी सकाळी जा. ‘मिल बंद झाली तेव्हा काय वाटलं?’ याने सुरुवात करू नका. ते उत्तर त्यांनी पत्रकारांना, युनियनला, वकिलांना देऊन झालेलं असतं आणि ते पाठ झालेलं असतं. भोंगा घरात ऐकू यायचा का, ते विचारा. मागची खोली कधी काढली, विटा कुठून आणल्या, पैसे सोसायटीतून काढले की सोनं मोडलं. पगाराच्या दिवशी कोणत्या टॉकीजला जायचात, खालचं तिकीट की वरचं, घरचे सोबत असायचे का. बाई समोर बसल्या असतील तर हाच प्रश्न त्यांना वेगळा विचारा, आणि नवरा उत्तर देऊ लागला तर चहा मागवा. रेकॉर्डर बंद केल्यावर माणसं दार दाखवायला उठतात आणि तेव्हा भिंतीकडे बोट करून सांगतात, ही भिंत अमुक साली पुढे घेतली. वही तोवर बॅगेत टाकू नका.